सोनारक्यूब सात महिने वापरल्यावर: नक्कल सापडली, सोंग नाही

३ सप्टेंबर २०२५ला, ऐन गणपतीत, जीएसटी परिषदेने बहुतेक वस्तूंवरचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढले. नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून. घरी सगळे खूश, कारण एसी आणि टीव्ही स्वस्त होणार होते. मी मात्र आरतीतून उठून लॅपटॉप उघडला. सिमेंट, पत्रे, पाइप विकणाऱ्या डीलरांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करणारी आमची सात जणांची टीम. हातात एकोणीस दिवस होते. अख्खा पितृपंधरवडा ऑफिसात गेला.

२२ तारखेला बिलं बरोबर छापली गेली. आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कऱ्हाडकडच्या एका डीलरचा फोन आला: "अहो, ऑगस्टच्या बिलातली चाळीस पोती परत आलीत. क्रेडिट नोटला कर १८ टक्के कसा लागला? मी तर २८ भरलाय." माणूस बरोबर होता. परत आलेल्या मालाला मूळ बिलाचाच दर लागतो. मूळ किंमत पोत्याला ३०० रुपये धरली तर पोत्यामागे तीस रुपयांचा फरक, चाळीस पोत्यांना बाराशे. शोधल्यावर कळलं की विक्री-परताव्याच्या क्लासमध्ये (कोडच्या एका वेगळ्या तुकड्यात) कराचा हिशेब वेगळाच लिहिलेला आहे. जून २०१७मध्ये, जीएसटी १ जुलैला लागू होणार म्हणून जी घाई झाली होती, त्यात कुणीतरी बिलाचा कोड उचलून तिथे चिकटवला होता. "कुणीतरी" म्हणजे मीच. प्रत्येक बदल कुणी केला ते गिट नोंदवून ठेवतं, आणि तिथे माझं नाव होतं.

त्याच आठवड्यात मी सोनारक्यूब बसवलं. कोड न चालवता, नुसता वाचून त्यातली नक्कल आणि गुंतागुंत दाखवणारं हे साधन. मोफतवाली कम्युनिटी आवृत्ती, ऑफिसातल्या एका पडीक डेस्कटॉपवर, डॉकरमध्ये, म्हणजे सगळं सोबत बांधून आलेल्या कंटेनरमध्ये. कंटेनर पहिल्याच झटक्यात उठेल असं समजू नका. आत इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र आहे आणि त्याला लिनक्सची मॅक्स-मॅप-काउंट ही मर्यादा वाढवून लागते. ती वाढवली नाही तर तो सुरू होतो आणि लगेच मान टाकतो. कागदपत्रांत हे लिहिलेलं आहे. मी अर्थातच ते नंतर वाचलं. सोबत येणारा एचटू डेटाबेस फक्त चाखून बघण्यापुरता असतो, टिकवायचं असेल तर पहिल्या दिवसापासून पोस्टग्रेस जोडा. बाकी मॅव्हनची (जावाचे प्रकल्प बांधणारं साधन) एक कमांड दिली की काम झालं.

पहिला अहवाल उघडला आणि सगळे हसले. एक लाख चाळीस हजार ओळी, ११.८ टक्के डुप्लिकेशन (नक्कल असलेला कोड), दुरुस्तीचा अंदाज २१२ दिवस, आणि मेंटेनेबिलिटीला, म्हणजे कोड सांभाळायला किती सोपा याला, ग्रेड? 'ए'! आमचे सगळ्यात जुने सहकारी, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते म्हणाले, "चला, मग झालं की काम. पेढे आणा." हा 'ए' येतो कसा ते समजून घ्यायला हवं. सोनारक्यूब धरून चालतं की एक ओळ लिहायला तीस मिनिटं लागतात. म्हणजे आमचा प्रकल्प नव्याने लिहायचा तर सत्तर हजार तास. दुरुस्तीचा खर्च याच्या पाच टक्क्यांच्या आत असला की 'ए'. पाच टक्के म्हणजे साडेतीन हजार तास! आमचे २१२ दिवस, आठ तासांच्या हिशेबाने, सतराशे तासही होत नाहीत. तेव्हा तो ग्रेड साहेबांना दाखवायला ठीक आहे. मी सात महिन्यांत त्याच्याकडे पुन्हा पाहिलेलं नाही.

खरी कमाई झाली ती कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटीमुळे, म्हणजे कोड वाचून समजायला किती जड आहे या मापामुळे. जुनं सायक्लोमॅटिक माप १९७६पासून आहे, टॉमस मॅकेब यांचं. कोडमधून जायच्या किती वाटा आहेत ते मोजतं. चाचण्या किती लागतील याचा अंदाज त्यातून येतो, पण वाचणाऱ्याचं डोकं किती दुखेल ते कळत नाही. बारा पर्यायांतून एक निवडणारा साधा सरळ स्विच आणि एकात एक अडकलेले बारा इफ ("असं असेल तर") त्याला जवळपास सारखेच. सोनारचं माप खोलीला दंड लावतं. आमचंच उदाहरण घ्या: बिलातल्या प्रत्येक ओळीसाठी लूप, त्याचा १. त्याच्या आत "ग्राहक परराज्यातला का?" हा इफ, त्याचे २. त्याच्या आत "वस्तू करमुक्त का?", त्याचे ३. त्याच्या आत "सूट करापूर्वी की करानंतर?", त्याचे ४. झाले दहा. हेच तीन प्रश्न तीन छोट्या मेथडमध्ये (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यांत) काढून ठेवले तर लूपचा एक आणि त्यांचा प्रत्येकी एक, मिळून चार. प्रश्न तेच, कामही तेच, पण शेवटच्या इफपाशी पोचेपर्यंत वरचे तीन डोक्यात धरून ठेवावे लागत नाहीत.

एका मेथडला पंधराच्या वर गुण गेले की सोनारक्यूब तक्रार करतं. आमची कर काढणारी मेथड सत्त्याऐंशीवर होती, ३४० ओळींची. शेजारी दुरुस्तीचा अंदाज छापलेला: १ तास १७ मिनिटं. हा आकडा सूत्रातून येतो, पाच मिनिटं अधिक पंधराच्या वरच्या प्रत्येक गुणाला एक मिनिट. मला प्रत्यक्षात नऊ दिवस लागले.

त्यातले सहा दिवस कोडला हात न लावता गेले, आणि हे मी मुद्दाम सांगतोय. त्या मेथडला एकही चाचणी नव्हती. ती नक्की काय करते हे कुणालाच माहीत नव्हतं, ती चालते एवढंच माहीत होतं. मग गेल्या दोन वर्षांतली तीन हजार बिलं काढली, त्यांचे छापलेले आकडे हेच उत्तर धरलं आणि नवा कोड तेच आकडे देतो का ते पैशापर्यंत तपासणारी चाचणी लिहिली. पहिल्या धावेत ४१ बिलं चुकली. त्यातली बहुतेक एका पैशाने! उदाहरणार्थ, साडेतेहतीस रुपयांच्या तीन ओळी. प्रत्येक ओळीवर नऊ टक्के सीजीएसटी म्हणजे ३.०१५, पूर्णांकित करून ३.०२, तिन्हीचे ९.०६. तोच नऊ टक्के एकूण १००.५० रुपयांवर काढला तर ९.०४५, म्हणजे ९.०५. जुनी मेथड एका फांदीत ओळीवर पूर्णांकन करायची आणि दुसऱ्या फांदीत बेरजेवर. सोळा इफांच्या जंगलात ते कुणाच्या नजरेला पडलंच नव्हतं. आता तिथे चार मेथड आहेत, सगळ्यात वाईट गुण नऊ. त्यानंतर नव्या आलेल्या मुलीने पहिल्याच आठवड्यात त्यात बदल केला आणि मला विचारायला आली नाही. पूर्वी त्या फाइलला माझ्याशिवाय कुणी हात लावायचं नाही, आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता, हे कबूल करतो.

पण पंधराच्या आत यायची पळवाटही लोक शोधतात. आमच्या एकाने ४८ गुणांची मेथड उचलली आणि तिचे भाग-एक, भाग-दोन, भाग-तीन, भाग-चार केले. तिन्ही पहिले भाग पुढच्याला नऊ-नऊ पॅरामीटर देतात. अहवालातली ती तक्रार गेली, पण कोड आधीपेक्षा वाईट झाला, कारण आता वाचायला चार ठिकाणी उड्या माराव्या लागतात. मेथडला धड नाव देता येत नसेल तर ती तोडू नये, एवढा नियम आम्ही त्यानंतर केला.

आता डुप्लिकेशन. जावामध्ये सलग दहा स्टेटमेंट सारखी दिसली की सोनारक्यूब ती नक्कल धरतं. इतर भाषांत साधारणपणे दहा ओळींमध्ये पसरलेले शंभर टोकन (शब्द, चिन्हं) सारखे लागतात. जावात अवतरणातल्या मजकुराचा फरक तो जमेला धरत नाही. यामुळे बरीच खरी नक्कल सापडली. ई-मेल पाठवायचा कोड सहा ठिकाणी होता, आता एका ठिकाणी आहे. दोन दुपारींचं काम.

पण याच नियमामुळे विक्री-रजिस्टर आणि खरेदी-रजिस्टर एक्सेलमध्ये काढणारे दोन क्लास एकमेकांची नक्कल ठरले. दोन्हीकडे "हा रकाना लिही, तो रकाना लिही" अशा वीसेक ओळी, फरक फक्त रकान्यांच्या नावांचा. मी उत्साहात दोघांना एकत्र केलं. महिन्याभरात खरेदीवाल्यात इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळणार की नाही याचा रकाना आला. विक्रीत त्याचं काय काम? म्हणून एक हो-नाही सांगणारा बूलियन घातला. मग परताव्यासाठी दुसरा, मग एका डीलरच्या सीएच्या हट्टासाठी तिसरा. डुप्लिकेशन कमी झालं होतं खरं, पण त्या एकत्र क्लासचे गुण तेवीसवर गेले. जानेवारीत दोघांना पुन्हा वेगळं केलं आणि त्या फायली नक्कल-तपासणीतून वगळल्या. सेटिंगमध्ये तशी सोय आहे. एकाच कारणासाठी बदलतात का, हे विचारायला हवं होतं. ते दोघे फक्त तोंडावळ्याने सारखे होते.

आणि ज्या नक्कलीने आम्हाला ऑक्टोबरमध्ये तोंडघशी पाडलं, ती या अहवालात कुठेच नव्हती. मूळ बिलाचा क्लास आणि परताव्याचा क्लास आठ वर्षांत इतके बदलले होते, मध्येमध्ये इतक्या ओळी घुसल्या होत्या, की सलग दहा सारखी स्टेटमेंट उरलीच नव्हती. करांचं तेच गणित काउंटरच्या स्क्रीनवर जावास्क्रिप्टमध्ये होतं, महिनाअखेरच्या रजिस्टरसाठी डेटाबेसमधल्या प्रोसिजरमध्ये (तिथेच साठवलेल्या कोडमध्ये) होतं आणि कोटेशनच्या छापील साच्यातही होतं. पाच ठिकाणी एकच निर्णय, पाच वेगवेगळ्या वेषांत. भाषा बदलली की मजकूर जुळवणारं कुठलंच साधन काय करणार? आणि हे वेष नुसते दिसायला वेगळे नव्हते. १.००५ ही रक्कम दोन दशांशांत छापायला सांगितली तर जावास्क्रिप्ट १.०० देते, कारण तो आकडा तिच्याकडे नेमका साठवलाच जात नाही. सर्व्हरवर दशांश नेमके साठवणारा बिगडेसिमल वापरून तेच केलं तर १.०१. "स्क्रीनवर एक, कागदावर एक" ही तक्रार आम्ही वर्षानुवर्षं "राउंडिंग आहे हो" म्हणून वाटेला लावत होतो.

ही सोंगं शोधायला सोनारक्यूब नाही, गिट कामाला आलं. सप्टेंबरच्या त्या एकोणीस दिवसांतले दर-बदलाचे कमिट (नोंदवलेले बदल) काढले आणि त्यात कोणत्या फायली बदलल्या ते पाहिलं. दरांच्या एका निर्णयासाठी तेवीस फायली! तो आमचा नकाशा झाला. आता दर एका तक्त्यात आहेत, "या तारखेपासून, या तारखेपर्यंत" अशा दोन रकान्यांसह, आणि डेटाबेसमधली प्रोसिजर सोडली तर हिशेब एकाच क्लासमध्ये. काउंटरचा स्क्रीन सर्व्हरला विचारतो. परतावा मूळ बिलाच्या ओळीवर साठवलेला दर उचलतो, नव्याने काही काढत नाही. कोटेशनचा साचा फक्त छापतो.

रोजच्या कामात सांगायचं तर, जुन्या कोडकडे दुर्लक्ष करा आणि फक्त नव्या कोडवर फाटक लावा. हे सोनारक्यूबचं धोरणच आहे आणि मला ते पटलं. तयार क्वालिटी गेट (हेच ते फाटक, पास होण्याच्या अटींचा संच) नव्या कोडमध्ये डुप्लिकेशन तीन टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही आणि ८० टक्के चाचणी-कव्हरेज मागतं, म्हणजे नव्या कोडचा तेवढा भाग चाचण्यांखाली हवा. ८० आम्हाला झेपणारं नव्हतं. तयार गेट बदलता येत नाही, म्हणून त्याची प्रत काढून ५०वर ठेवलं, आता ६५वर आहे. "नवा कोड" कशाला म्हणायचं ते मात्र नीट ठरवा. मूळ सेटिंग मागच्या आवृत्तीपासूनचा बदल धरतं, आणि आम्ही पॉमफाइलमधला (मॅव्हनच्या सेटिंगच्या फाइलमधला) आवृत्ती-क्रमांक बदलायचाच विसरत होतो. दोन महिने सगळंच "नवं" होतं. तक्रार गप्प करायला नोसोनार अशी टिप्पणी टाकता येते. आमच्याकडे तिच्यापुढे कारण आणि तारीख लिहिल्याशिवाय तो कोड मुख्य कोडमध्ये मर्ज होत नाही. हल्ली एआयकडून कोड लिहून घेतल्यावर तो शेजारच्या फाइलमधली तयार मेथड न वापरता तीच नव्याने लिहून देतो. हे तीन टक्क्यांचं फाटक त्यासाठी जास्त उपयोगी पडतंय, असं मला दिसलं.

मोफत आवृत्तीत ब्रांचची (कामासाठी वेगळ्या काढलेल्या शाखेची) आणि पुल-रिक्वेस्टची (ती मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीची) तपासणी नाही, म्हणजे मुख्य ब्रांचमध्ये आल्यावरच कळतं. एडिटरमधलं प्लगइन ही उणीव थोडी भरून काढतं. मेथड पंधराच्या वर गेली की लिहितानाच खूण उमटते, नक्कल मात्र तिथे दिसत नाही. सात जणांना एवढं पुरतं. तीस जणांची टीम असती तर मी पैसे भरले असते. आज डुप्लिकेशन ११.८वरून ७.४वर आहे आणि ते शून्यावर न्यायचा माझा अजिबात विचार नाही.

प्रोसिजरची भाषा मोफत आवृत्ती वाचतच नाही, त्यामुळे डेटाबेसमधलं ते चारशे ओळींचं प्रकरण अजून तसंच आहे, पाचांपैकी शेवटचं सोंग. दादा म्हणत होते, मार्चएंड होईपर्यंत त्याला हात लावू नकोस. मार्चएंड उरकला. सोमवारी उघडतोय.