व्हीलचेअर डिकीत जागच्या जागी ठेवणारे रॅचेट पट्टे

बाबांच्या व्हीलचेअरसाठी हे पट्टे घेतले. रॅचेट म्हणजे दातेरी चाकाचा दांडा, तो वरखाली केला की पट्टा आवळला जातो. खुर्ची घडीची असली तरी सोळा-सतरा किलोंची आहे आणि नुसती आडवी ठेवली की वळणावळणाला सरकते. मागच्या सीटवर आई बसते, तिच्या पाठीमागे फक्त सीटची पाठ. ताशी 50 किलोमीटर वेगातली गाडी धडकून थांबली, तरी न बांधलेलं सामान त्याच वेगाने पुढे जात राहतं. साधारण दहा मीटर उंचीवरून खाली पडणाऱ्या वस्तूचा जमिनीवर आदळतानाचा वेग एवढाच असतो. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. हे समजल्यावर इलॅस्टिकच्या दोऱ्यांवर भिस्त ठेवणं मला शक्यच नव्हतं. त्या ताणल्या जातात आणि जड वस्तू पुढे येतेच.

संचात 25 मिमी रुंदीचे दोन पट्टे आहेत. दोन्ही टोकांना हुक, त्यावर प्लास्टिकचा थर. सगळ्यात आवडलं ते शिवलेलं निळं लेबल. निळा रंग म्हणजे पॉलिएस्टर, जे फार ताणलं जात नाही. त्यावर ईएन 12195-2 हे युरोपीय मानक आणि 'एलसी', म्हणजे पट्टा किती ओढ सहन करेल, तो आकडा छापलेला आहे. तो डेकान्यूटनमध्ये असतो. एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजनाइतकी ओढ. लेबल नसलेला पट्टा कितीही जाड दिसला तरी घेऊ नका.

पण पट्टा जिथे अडकवायचा ती जागाही तेवढीच भक्कम हवी. डिकीच्या बाजूला असलेले प्लास्टिकचे छोटे हुक हातातल्या पिशव्या टांगण्यापुरतेच. पट्टा लावायचा तो गाडीच्या सांगाड्याला बसवलेल्या धातूच्या कड्यांना. मी खुर्ची तळाशी, सीटच्या पाठीला अगदी चिकटवून ठेवते, ब्रेक लावते आणि दोन पट्टे एकमेकांना छेद देत आवळते. मागे कुणी बसणार नसेल तर तिथले सीटबेल्टही लावून टाकते, सीटच्या पाठीला तेवढाच आधार. थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा एकदा आवळावं लागतं, कारण बाजूच्या बॅगा दबतात आणि पट्टा सैल पडतो.

उणिवाही आहेत. रॅचेटची ओढ इतकी जबर असते की खुर्चीची पातळ नळी सहज वाकेल. म्हणून पट्टा मी जाड चौकटीवरूनच घेते आणि खुर्ची हलेनाशी झाली की हात आवरते. नाजूक सामानाला हातानेच ओढायचा, साध्या बकलचा पट्टा बरा. धारदार कडेवर पट्टा कापू नये म्हणून जे आवरण लागतं, तेही संचात नाही. मी जुनी जाड चादर घालते. पट्ट्याचं उरलेलं टोक फारच लांब आहे, ते गुंडाळून बांधावं लागतं.

माहितीपत्रकात आवळण्याचं चित्र आहे, सोडवण्याचं नाही, आणि नवख्या माणसाचं अडतं ते तिथेच. दांड्यातली स्प्रिंगची पट्टी बोटांनी ओढून धरायची, दांडा पूर्ण सपाट होईपर्यंत उघडायचा, मग पट्टा ओढला की सुटतो. ताण एकदम सुटतो, तेव्हा बोटं आणि तोंड बाजूला ठेवा.