कानाची नस सुकलीय म्हणाले होते... कॉक्लिअर इम्प्लांट, स्विच-ऑननंतरचे १० महिने

आधीच सांगते, लांबलचक झालंय. कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं मशीन, आणि ते पहिल्यांदा चालू करतात तो स्विच-ऑन. ज्यांना फक्त "करावं का?" एवढंच विचारायचंय त्यांना माझं उत्तर हो, पण चालू केलं की त्याच दिवशी सगळं ऐकू येईल या आशेवर नको. बाकीच्यांनी निवांत वाचा.

माझं ऐकणं विशीनंतर हळूहळू कमी होत गेलं, दोन्ही कानांचं. पंधराएक वर्षं कानामागचं मशीन वापरलं. शेवटी शेवटी अशी गत की आवाज यायचा पण शब्द कळायचे नाहीत, कोणीतरी भिंतीपलीकडे बोलतंय असं वाटायचं, मशीनचा आवाज वाढवला की बोलणं मोठं व्हायचं पण भिंत तिथेच. एका ठिकाणी दाखवलं तर दोन मिनिटांत सांगून मोकळे झाले की कानाची नस सुकलीय, आता काही होणार नाही. ते एक वाक्य धरून मी सहा वर्षं गप्प बसले. त्याचा राग अजून जात नाही, कारण माझी नस चांगली जागी होती, गेलं होतं ते दुसरंच काहीतरी.

हे जरा नीट सांगते, कारण आतल्या कानामुळे आलेल्या कुठल्याही बहिरेपणाला सरसकट "नस सुकली" म्हणायची सवय आहे. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा अडीचेक वेढ्यांचा कॉक्लिया असतो, त्यात पाण्यासारखा द्रव, आणि आवाजाची लाट त्यात शिरली की आतला एक पडदा खालीवर होतो आणि त्याच्यावरच्या केसपेशी (टोकाला केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी) हलतात. ऐकण्याचं मुख्य काम करणाऱ्या आतल्या ओळीतल्या केसपेशी एका कानात फक्त साडेतीन हजारच्या आसपास, बाहेरच्या ओळींतल्या बाराएक हजार, पण त्यांचं काम लाटेला जोर आणि धार द्यायचं. आता गंमत अशी की केसपेशी मेंदूशी थेट बोलतच नाहीत. त्यांच्या बुडाशी नर्व्हच्या, म्हणजे ज्याला नस म्हणतात तिच्या, पेशींची टोकं चिकटलेली असतात. या नर्व्हपेशी शंखाच्या मधल्या दांड्याभोवती गोल जिन्यासारख्या वळत गेलेल्या नळीत बसलेल्या, एक टोक केसपेशीकडे आणि दुसरं मेंदूच्या दिशेने, एका कानात सुमारे ३०,००० तरी. केसपेशीने रसायन सोडलं की नर्व्हपेशी विजेचा एक ठोका पुढे ढकलते. मेंदूपर्यंत आवाज म्हणून काही जातच नाही, जातात ते हे ठोके.

माझ्या केसपेशी गेल्या होत्या. माणसात त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत (पक्ष्यांमध्ये येतात, काय नशीब). केसपेशी गेल्यावर नर्व्हपेशीही हळूहळू कमी होतात, पण माणसात फार सावकाश, बऱ्याच पेशी वर्षानुवर्षं तग धरतात. पूर्ण इम्प्लांट या एका गोष्टीवर उभं आहे. मेलेल्या केसपेशींना बाजूला ठेवून कॉक्लियात घातलेली बारीक इलेक्ट्रोडची तार सरळ नर्व्हपेशींना करंट देते. म्हणजे नस खरंच नसती तर इम्प्लांटचा उपयोगच नव्हता, म्हणून तर आधी एमआरआय करून नर्व्ह आहे ना ते बघतात. ज्यांना नर्व्हच नाही त्यांच्यासाठी मेंदूच्या देठावर बसवायचं वेगळं इम्प्लांट असतं, ते पहिल्यांदा १९७९ मध्ये बसवलं गेलं. पण तो वेगळा विषय.

ऑपरेशन दोन-अडीच तासांचं. नंतर आठवडाभर गरगरलं आणि तीन आठवडे तोंडात लोखंडाचा चमचा धरल्यासारखी चव, ती गेली. पण लक्षात राहिलं ते वेगळंच. टेबलावर मी भुलीत असतानाच एका इलेक्ट्रोडमधून पल्स देऊन शेजारच्या इलेक्ट्रोडवर नर्व्हचं उत्तर येतं का बघतात. नंतर डॉक्टरांनी स्क्रीनवरचा तो ग्राफ दाखवला, खाली एक खड्डा आणि मग छोटीशी टेकडी, एवढंच. म्हणाले हे तुमच्या नर्व्हपेशींनी दिलेलं उत्तर. इतकी वर्षं कोणी हाक मारली नव्हती आणि पहिल्या हाकेला ओ दिली. मी तिथे रडले नाही, घरी येऊन रडले.

स्विच-ऑन चार आठवड्यांनी. व्हिडिओत दाखवतात तसं काही झालं नाही बरं का. ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासून मशीन जुळवून देणाऱ्या) मॅडम बोलायला लागल्या आणि मला फक्त पत्र्यावर खडे पडल्यासारखं टिकटिक टिकटिक. नवरा काहीतरी म्हणाला, तीच टिकटिक. दोघांचा आवाज सारखाच! त्यात सगळे बारीक चिरक्या आवाजात बोलतायत असं वाटायचं. याचं कारण असं की कॉक्लियात सुरवातीच्या भागात उंच पट्टीचे आवाज आणि आत टोकाला खर्जातले अशी जागा ठरलेली असते, आणि तार अगदी टोकापर्यंत जात नाही, त्यामुळे खर्जाचा आवाज भलत्याच, वरच्या पट्टीच्या नर्व्हपेशींना जाऊन मिळतो. मेंदूला ते पटायला वेळ लागतो. मला दोन-अडीच महिने लागले, त्यानंतर एक दिवस नवऱ्याचा आवाज पुरुषाचा वाटला!

मॅपिंगबद्दल कोणी फार सांगत नाही म्हणून लिहिते. प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी वेगळं बसून ठरवायचं, किती करंटला जेमतेम ऐकू येतं आणि किती झालं की नको होतं. माझ्या तारेवर २२ इलेक्ट्रोड आहेत. त्यातला एक चालू केला की ऐकू काहीच यायचं नाही पण त्या बाजूची पापणी फडफडायची, चेहऱ्याची नर्व्ह तिथून अगदी जवळून जाते, करंट तिकडे सांडायचा. तो बंदच करून टाकला. म्हणजे मी २१ वर चालते. मशीनला काय कळणार कुठली नर्व्ह कोणाची, ते आपलं करंट सोडतंय.

घरी सराव रोजचा. मुलगा पाठीमागे उभा राहून आ, ई, ऊ, श, स, म म्हणायचा आणि मी ओळखायचं. पहिल्या महिन्यात श आणि स यात मी इतक्या वेळा आपटले की तो मुद्दाम दोनदा "स" म्हणायचा आणि मी दोनदा "श" सांगायचे. कंटाळा येतो, पण हा सराव सोडणाऱ्यांचं इम्प्लांट ड्रॉवरमध्ये पडून राहतं. नर्व्हपेशींना करंट देणं मशीनचं काम, त्या ठोक्यांचा अर्थ लावणं आपलं.

चौथ्या महिन्यातली गोष्ट. मी सिंकपाशी नळ चालू ठेवून उभी, मुलगा मागून म्हणाला, "आई, माझा निळा शर्ट कुठंय?" आणि मी वळून न बघता म्हटलं "दोरीवर". दोघंही दोन सेकंद गप्प. तोवर घरात कोणीही मला खांद्याला हात लावल्याशिवाय काही विचारत नव्हतं.

सहाव्या महिन्यानंतर ओळखीच्या माणसांशी फोनवर बोलता येतं, अनोळखी माणूस भरभर बोलला की अजून पंचाईत. शांत खोलीत समोर बसून बोलणं आता जवळपास पूर्ण कळतं. गर्दीत? सोडा. सहाजण एकदम बोलायला लागले की मी परत ओठ वाचायला लागते. आणि संगीत, इथे मी निराशच आहे. ताल कळतो, शब्द कळतात, सूर नाही. जुनी पाठ असलेली गाणी डोक्यातल्या आठवणीच्या जोरावर ऐकते, नवीन गाणं म्हणजे कोणीतरी तालात बडबडतंय. दोष मशीनचा म्हणावा तर अर्धाच. जिथे साडेतीन हजार केसपेशी आपापल्या दहा-वीस नर्व्ह फायबरना अगदी नेमका इशारा द्यायच्या तिथे २१ इलेक्ट्रोड, आणि त्यात कॉक्लियातला द्रव खारट म्हणजे करंट पसरणारच, एका इलेक्ट्रोडने आजूबाजूच्या शेकडो पेशी एकदम उठतात. बारीक भरतकाम दाभणाने करायला सांगितल्यासारखं आहे. बोलणं कळायला तेवढे टाके पुरतात, सुराला नाही पुरत.

बारीकसारीक तक्रारी: प्रोसेसरची, म्हणजे मशीनच्या बाहेरून घालायच्या भागाची, बॅटरी मला चौदा तास जाते, रात्री उशिरा कार्यक्रम असला की दुसरी जवळ ठेवावी लागते. त्याची डोक्यावरची कॉईल (आतल्या भागाला सिग्नल देणारी चकती) चुंबकाने चिकटते आणि स्वेटर काढताना हमखास निघते. एकदा पाऊण तास शोधत होतो सगळे, आणि ती लोखंडी कपाटाच्या दाराला खालच्या बाजूला मस्त चिकटून बसलेली. हेल्मेट घालणं म्हणजे सर्कस. एमआरआय काढायची वेळ आली तर आतल्या चुंबकाचं आधी सांगावं लागतं, कार्ड कायम जवळ ठेवा. आणि हो, ऑपरेशनच्या कानात जे थोडंफार ऐकू येत होतं ते गेलं, सगळ्यांचं जातंच असं नाही पण माझं गेलं, त्यामुळे रात्री प्रोसेसर काढला की त्या कानाला मिट्ट शांतता. मला तर आवडते खरं सांगायचं तर.

नवऱ्याबद्दलही एक सांगते, बऱ्याच जणांना लागू पडेल. तो म्हणतो गर्दीत कळत नाही, पण टेस्ट केली तर नॉर्मल. मी आधी म्हटलं लक्ष देत नाहीस. पण २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं होतं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची टेस्ट पूर्ववत झाली, केसपेशी शाबूत, तरी केसपेशी आणि नर्व्हची जोडणी बऱ्याच ठिकाणी कायमची तुटलेली होती आणि पुढे महिन्या-महिन्यांनी नर्व्हपेशीही कमी होत गेल्या. शांत खोलीत बीप ऐकायला थोड्या पेशी पुरतात, त्यामुळे टेस्टमध्ये ते दिसतच नाही. माणसात हे किती प्रमाणात होतं यावर अजून वाद आहे. तरी तो ड्रिल चालवताना आता इअरप्लग घालतो, न सांगता.

दुसऱ्या कानाचं विचाराल तर तिथे अजून जुनं मशीनच आहे आणि खर्जाचे आवाज तिकडून येतात, दोन्ही मिळून बरं ऐकू येतं म्हणून सध्या तिथे हात लावलेला नाही. पुढचं मॅपिंग बाराव्या महिन्यात. तेव्हा गर्दीसाठीचा प्रोग्राम बदलून घेणार आहे आणि तो बंद केलेला इलेक्ट्रोड कमी करंटवर परत चालतो का तेही बघायला सांगणारे. पापणी फडफडली तर फडफडली.