व्हिसाआधी परतीची वाट विचारणारं ऑफिस

आईला येशूचं जन्मगाव बेथलेहेम बघायचंय. जालन्याच्या आमच्या चर्चच्या मंडळीतले काही जण पूर्वी पवित्र भूमीला जाऊन आलेत, तेव्हापासून तिच्या मनात ते बसलंय. आधी एका ठिकाणी चौकशी केली, तर "व्हिसा आला की झालं, पैसे आजच भरा" एवढंच उत्तर मिळालं. मग पाळकसाहेबांच्या सांगण्यावरून संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या टूर-व्हिसाच्या या छोट्या ऑफिसात गेलो.

तिथल्या मॅडमनी पहिलंच विचारलं, "तिथं विमानतळ बंद पडला, तर आईंना घेऊन बाहेर कसे पडाल?"

आई बिचकली. पण त्यांनी घाबरवलं नाही, नीट समजावलं. २०२५ च्या जूनमध्ये इराणशी युद्ध पेटलं तेव्हा इस्रायलची विमानसेवा बंद झाली. भारत सरकारच्या 'ऑपरेशन सिंधू' या सुटका मोहिमेत आपल्या लोकांना रस्त्यानं सीमा ओलांडून जॉर्डन आणि इजिप्तमध्ये न्यावं लागलं. जॉर्डनचा व्हिसा अम्मानच्या विमानतळावर उतरल्यावर मिळतो, पण सीमेवरच्या किंग हुसेन पुलावर मिळत नाही. म्हणून टूरमध्ये जॉर्डन असो नसो, त्याचा व्हिसा आधीच काढा, असा त्यांचा आग्रह. हे आम्हाला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

इस्रायलचा ई-व्हिसा भारतीय पर्यटकांसाठी २०२५ च्या जानेवारीत सुरू झाला. कागद नेहमीचेच: सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, फोटो, बँक स्टेटमेंट, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट. बेथलेहेमला वेगळा व्हिसा लागतो का, हे आईनं दोनदा विचारलं. मॅडमनी दोन्ही वेळा न कंटाळता सांगितलं: गाव पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे असलं तरी जायचं इस्रायली व्हिसावरच. वाटेत चौकी लागते आणि ती कधी बंद होईल याचा भरवसा नाही. इस्रायलमध्ये शिरताना पासपोर्टावर शिक्का मारत नाहीत, वेगळी चिठ्ठी देतात. ती आणि पासपोर्ट हॉटेलात न ठेवता जवळच बाळगायचे.

विम्याची पॉलिसी तर त्यांनी आमच्यासमोर ओळ न् ओळ वाचली. युद्धामुळे झालेलं नुकसान बहुतेक प्रवास विम्यांत धरतच नाहीत. बारीक अक्षरातल्या त्या कलमावर त्यांनी पेनानं गोल केला आणि सही करण्याआधी घरी नेऊन वाचा म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघणाऱ्याला असंच सांगायला पाहिजे. पैसे घेऊन मोकळं होणं सोपं असतं.

उणीव म्हणाल तर ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईला जिना फार जड गेला. फोनही लवकर उचलत नाहीत.

आमचा अर्ज त्यांनी अजून भरलेला नाही. परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना बघून आणि टूर रद्द झाल्यास पैसे परत देण्याची अट लेखी हातात आल्यावरच भरू, असं त्यांनीच सांगितलंय. तोवर फीसुद्धा घेतलेली नाही. जाणार असाल तर दुपारी चारनंतर जा, सकाळी उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, जाणाऱ्यांची गर्दी असते.