बडोद्यात सोलर बसवलं, व्हेंडरला पाचपैकी साडेतीन

दांडियाबाजारातले निम्मे ओळखीचे विचारतायत म्हणून एकदाच लिहून टाकते. कंपनीचं नाव इथे नको, लोकल व्हेंडर आहे. तीन किलोवॅटचं ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनीला जोडलेलं, सहा पॅनल.

आधी पैशाचं. पीएम सूर्यघर या सरकारी सबसिडी योजनेत पहिल्या 2 किलोवॅटला किलोवॅटमागे 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, असे एकूण 78 हजार मिळतात, त्याच्यावर कितीही लावा सबसिडी तेवढीच. हे पैसे सिस्टिम चालू झाल्यावर आपल्या खात्यात येतात, पण काही व्हेंडर ते आधीच वजा करून स्वस्तातला भाव सांगतात, तेव्हा कोटेशन हातात आलं की पहिलं हेच विचारायचं. आमच्यावाल्याने सरळ पूर्ण आकडा लिहून दिला, तिथेच मला बरा वाटला.

पॅनलच्या ब्रँडवर फार डोकं लावू नका, सबसिडीसाठी डीसीआर म्हणजे सेलपासून इथेच बनलेले पॅनल लागतात, त्यात निवड तशीही मर्यादित. खरा फरक स्ट्रक्चरचा, म्हणजे पॅनल ज्यावर बसतात त्या सांगाड्याचा. व्हेंडर म्हणाला दीड फुटावर बसवू, "चालशे काकी" (चालेल), पण सासूबाई अडून बसल्या की माझे पापड आणि सांडगे कुठे वाळवू, आणि नवरा म्हणाला उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवायला माणसं कुठे उभी राहणार. मग उंच स्ट्रक्चर घेतलं, त्याचे पैसे वेगळे लागले, पण आता खाली माणूस आरामात उभा राहतो आणि मे महिन्यात वरचा मजला पूर्वीइतका तापत नाही. पापडांना मात्र सकाळी कडेचंच ऊन, त्यावरून घरात अजून कुरकुर आहे. दुपारी मध्ये सावली असते, दुसरं काय होणार!

युनिटचं म्हणाल तर तीन किलोवॅटला स्वच्छ उन्हात रोज साधारण 12 धरा, पावसाळ्यात बरेच कमी. नेटमीटर लागला की बिलावर घेतलेली वीज आणि दिलेली वीज असे दोन आकडे येतात. आमचं दोन महिन्यांचं लाइटबिल आता किरकोळ असतं, एसीचे महिने सोडून. जास्तीच्या युनिटला भाव फार कमी मिळतो म्हणून उगाच पाच किलोवॅट लावून कमाईची स्वप्नं बघू नका.

एक गोष्ट व्हेंडरने न विचारता सांगितली, त्याबद्दल पूर्ण मार्क. लाइट गेली की ऑनग्रिड सोलरपण बंद, भर उन्हातसुद्धा, कारण आपली वीज लाइनीत गेली तर खांबावरच्या वायरमनला शॉक बसेल. म्हणून जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर भंगारात काढला नाही.

आता मार्क कुठे कापले ते. सामान उतरवून पुठ्ठे आणि थर्माकोल गच्चीवर तसंच टाकून गेले. पुठ्ठा रद्दीवाल्याने हसत नेला, थर्माकोलला कोणी हात लावेना, शेवटी फोनवर आवाज चढवल्यावर मुलगा येऊन घेऊन गेला. आणि फ्री क्लीनिंग म्हणून जे लिहून दिलंय ते फक्त कागदावर. बडोद्याची धूळ माहितीये ना, दोन आठवड्यांत पॅनल मळकट, वर जानेवारीत क्लॅम्पमध्ये अडकलेला मांजा. आता आम्हीच सकाळी लवकर, काच थंड असताना साधं पाणी मारतो, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही.

मी व्हेंडरला विचारलं 25 वर्षांनी हे पॅनल कोण नेणार, तर हसला, म्हणाला तेव्हा मी कुठे असेन काकी. 2022 च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल आलेत हे त्याच्या गावीच नव्हतं! या शहराजवळ 2015 मध्ये बान की-मून येऊन नर्मदेच्या कालव्यावरच्या 10 मेगावॅट सोलरचं उद्घाटन करून गेले, तिथला व्यापारी इतका बेफिकीर नको.

घ्यायचं असेल तर कोटेशनमध्ये दोन गोष्टी लिहून घ्या, स्ट्रक्चरची उंची फुटात आणि गच्चीवर पॅनलजवळ पाण्याचा नळ. नळ आम्हाला नंतर प्लंबर बोलवून वेगळा काढावा लागला.