एस-नायट्रोसोथायॉल मोजायचे आहेत: रंग, फ्लुओरोसन्स की ओझोन?

नायट्रिक ऑक्साइड शरीरात मोकळा फार वेळ टिकत नाही. सिस्टीन (एक अमिनो आम्ल) किंवा ग्लुटाथायॉन (पेशींतला छोटा पेप्टाइड) यांच्या गंधकाला तो चिकटला की एस-नायट्रोसोथायॉल तयार होतात. नायट्रिक ऑक्साइडचे हे वाहक मोजायच्या बहुतेक पद्धती शेवटी प्रकाशावरच येतात, पण यंत्र निवडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: सॅम्पलमध्ये मायक्रोमोलर (लिटरमागे मोलचा दहा लाखावा भाग) अपेक्षित आहे की त्याच्या हजारपट कमी, नॅनोमोलर?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे थेट शोषण. एस-नायट्रोसोग्लुटाथायॉनचं द्रावण फिकट गुलाबी दिसतं, पण त्याचा मोजण्याजोगा पट्टा 335 नॅनोमीटरला असतो आणि मोलर शोषणांक जेमतेम 900 च्या आसपास. म्हणजे 10 मायक्रोमोलर द्रावण एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये 0.009 इतकंच शोषण देईल. स्टँडर्डचा स्टॉक तपासायला हे उत्तम, प्लाझ्मासाठी निरुपयोगी.

सॅव्हिल पद्धत 1958 ची. मर्क्युरिक क्लोराइड हा पाऱ्याचा क्षार गंधक-नायट्रोजन बंध तोडतो, सुटलेला नायट्रोसो गट सल्फॅनिलामाइडशी डायझोनियम बनवतो आणि पुढच्या जोडणीतून 540 नॅनोमीटरजवळ गडद गुलाबी-जांभळा रंग येतो. या रंगाचा शोषणांक 50,000 च्या आसपास, म्हणून एक मायक्रोमोलरही दिसतो. एकावेळी अनेक सॅम्पलचं शोषण वाचणारा साधा प्लेट रीडर पुरतो. प्रत्येक सॅम्पल दोनदा लावा, पाऱ्यासह आणि पाऱ्याविना. फरक तोच तुमचा आकडा. पेशींना बाहेरून नायट्रोसोथायॉल दिला असेल, किंवा शुद्ध प्रथिनावर प्रयोग असेल, तर माझं मत सरळ आहे: हीच पद्धत घ्या. पण लाल पेशी थोड्या जरी फुटल्या तरी फसगत होते, कारण ऑक्सिहिमोग्लोबिनचं शिखर 541 नॅनोमीटरला, नेमकं त्याच जागी असतं. गुलाबी झाक असलेला प्लाझ्मा मी या पद्धतीत घेतच नाही.

फ्लुओरोसन्समध्ये, म्हणजे एका रंगाचा प्रकाश देऊन रसायनातून निघणारा दुसरा उजेड मोजताना, डायअमिनोनॅफ्थॅलीन हे अभिकर्मक काही दहा नॅनोमोलरपर्यंत खाली उतरतं. मात्र अभिक्रिया आम्लात करायची आणि वाचन अल्कलीत, ही कसरत सांभाळावी लागते. डीएएफ-2 हा दुसरा फ्लुओरोसंट रंग तटस्थ सामूवर चालतो, 495 नॅनोमीटरला उत्तेजन, 515 ला उत्सर्जन. पण डिहायड्रोअॅस्कॉर्बिक आम्लही त्याच्याशी जुळून तसाच उजेड देतं, त्यामुळे क जीवनसत्त्व असलेल्या माध्यमात ब्लँक (नायट्रोसोथायॉल नसलेलं तुलनेचं सॅम्पल) चोख हवा.

केमिल्युमिनेसन्सची, म्हणजे रासायनिक अभिक्रियेतूनच निघणारा उजेड मोजणाऱ्या ओझोन पद्धतीची, गोष्ट वेगळी. ट्राय-आयोडाइडच्या भांड्यात सॅम्पल टोचलं की नायट्रिक ऑक्साइड वायू बाहेर पडतो, निष्क्रिय वायू तो ओझोनकडे नेतो, आणि तिथे उत्तेजित नायट्रोजन डायऑक्साइडचा तांबडा व अवरक्त उजेड फोटोमल्टिप्लायर टिपतो. पिकोमोलपर्यंत पोच आहे, आणि गढूळपणा किंवा रंग आड येत नाहीत. प्रथिनांचा फेस मात्र सतावतो, फेसरोधक घालावाच लागतो. शिवाय ट्राय-आयोडाइड साध्या नायट्राइटलाही तसंच सोडवतं, आणि नायट्राइट प्लाझ्मात नायट्रोसोथायॉलपेक्षा जास्त असतो. आम्लयुक्त सल्फॅनिलामाइडने तो आधी बाजूला काढा. मग पाऱ्यासहचा भाग वेगळा टोचून उरलेलं शिखर वजा करा.

आता जिथे खरी चूक होते ते. नायट्राइट आणि मोकळा थायॉल (गंधक-हायड्रोजन गट असलेला रेणू) एका नळीत असताना आम्ल घातलं, तर नायट्रोसोथायॉल तिथेच नव्याने जन्मतात आणि तुम्ही स्वतः बनवलेली वस्तू मोजता. म्हणून एन-इथाइलमॅलिमाइडने थायॉल आधी बंद करा, आम्ल नंतर. तांब्याचे अंश बंध तोडतात, त्यासाठी धातू पकडून ठेवणारं डीटीपीए. आणि प्रकाश! ज्या प्रकाशाने मोजायचं त्यानेच हा बंध तुटतो. अंबर रंगाच्या नळ्या, बर्फ, मंद उजेड, सॅम्पल काढल्यापासून यंत्रापर्यंत. 1992 साली प्लाझ्मासाठी सुमारे 7 मायक्रोमोलर असा आकडा छापून आला, पुढे अनेकांना काही नॅनोमोलरच मिळाले. इतकी तफावत एकट्या यंत्राच्या संवेदनशीलतेने पडत नाही; सॅम्पल कसं हाताळलं आणि नायट्राइट-नायट्रेट कसे वगळले, याचा त्यात मोठा वाटा असतो.

तेव्हा निरोगी प्लाझ्मातले मूळ नायट्रोसोथायॉल हवे असतील आणि हाताशी फक्त प्लेट रीडर असेल, तर सॅव्हिलचे सॅम्पल वाढवत बसू नका. ब्लँकच्या वरखाली डुलणारे आकडेच मिळतील. ओझोनचं यंत्र असलेल्या प्रयोगशाळेत दोन दिवस मागून घ्या, आणि नळीत एन-इथाइलमॅलिमाइड व डीटीपीए आधीच भरून ठेवूनच रक्त काढा.