तातडीच्या नियमावर हरकत घ्यायची आहे: लेखी द्यावी की सुनावणीत बोलावं?

आरोग्यसेवेसाठीचा कोविडचा तातडीचा नियम अमेरिकेच्या ‘ओशा’ने, म्हणजे कामाच्या जागेची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय खात्याने, २१ जून २०२१ रोजी लागू केला आणि त्याच वेळी त्यावर हरकती-सूचनाही मागवल्या. आधी अंमल आणि मग हरकती, हा उलटा क्रम पाहून ‘आता सांगून काय होणार’ असं अनेकांना वाटतं. पण १९७० च्या कामगार सुरक्षा कायद्यातल्या कलम ६(सी) ची रचनाच तशी आहे. तातडीचा नियम प्रसिद्ध होताक्षणी लागू होतो आणि तोच मजकूर पुढच्या कायम नियमाचा मसुदा ठरतो. कायम नियम काढायला कायद्याने सहा महिने दिलेले आहेत. त्यामुळे हरकत प्रत्यक्षात येऊ घातलेल्या नियमावर असते, आणि ती ऐकली जायची खरी जागा हीच.

प्रश्न उरतो तो कुठून बोलायचं याचा. संघटनेने पाठवलेल्या नमुना पत्रावर नाव घालून ते पुढे ढकलणं हा सर्वात सोपा मार्ग. त्यावर फार वेळ घालवत नाही. एकच मजकूर हजार जणांनी पाठवला तरी ओशाला उत्तर द्यायचा मुद्दा एकच राहतो. पाठिंबा किती आहे ते दाखवायला तो ठीक, पण नियमातला एखादा शब्द हलवायचा असेल तर त्याचा उपयोग थोडा. खरी निवड आहे ती स्वतः लिहिलेली हरकत आणि सुनावणीतली साक्ष यांच्यात.

सुनावणीची बाजू आधी घेतो, कारण ती वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ओशाने कर्मचाऱ्यांच्या कोविडच्या नोंदवहीचा आणि अशा घटना कळवण्याचा भाग तेवढा ठेवून बाकीचा तातडीचा नियम मागे घेतला. मग २३ मार्च २०२२ रोजी कायम नियमासाठी नोंद, म्हणजे हरकती आणि पुराव्यांचा संच, पुन्हा उघडली, लेखी हरकतींना २२ एप्रिलपर्यंत मुदत दिली आणि २७ एप्रिलपासून ऑनलाइन सुनावणी घेतली. अशा सुनावणीत प्रशासकीय न्यायाधीश अध्यक्ष असतो आणि ओशाचे अधिकारी प्रश्न विचारतात. नाव नोंदवलेल्या इतर पक्षांनाही विचारता येतं. अधिकाऱ्यांच्या प्रश्नांवरून त्यांची शंका कुठे अडली आहे ते कळतं. लेखी हरकत पाठवली की ती कोणी कशी वाचली याचा पत्ता लागत नाही. इथे समोरचा विचारतो, ‘हे तुमच्या एकाच मजल्यावर होतं की सगळीकडे?’ आणि जागच्या जागी उत्तर देता येतं. शिवाय सुनावणीनंतर आणखी पुरावा आणि टिपण द्यायची संधी असते, पण ती ज्यांनी हजर राहण्याची सूचना वेळेत दिली त्यांनाच. हा हक्क बारीक अक्षरात असतो आणि तिथेच राहून जातो.

कॅलिफोर्नियात तर तोंडी बोलण्याला आणखी वजन आहे, कारण तिथे मत देणारे सभासदच समोर बसलेले असतात. ३ जून २०२१ च्या बैठकीत तिथल्या, कामगार सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या मानक मंडळाने मास्कसंबंधीची दुरुस्ती आधी फेटाळली आणि त्याच बैठकीत पुन्हा मत घेऊन मंजूर केली. ९ जूनला ती मागे घेतली आणि १७ जूनला नवा मजकूर स्वीकारला. इतक्या हेलकाव्यात समोर बसून दोन मिनिटं बोलणाऱ्याचा आवाज पोचतो. उलट तिथली तातडीच्या नियमाची लेखी खिडकी फारच अरुंद आहे. राज्याच्या प्रशासकीय कायदा कार्यालयाने प्रस्ताव आपल्या संकेतस्थळावर लावला की हरकतींना पाच दिवस, तेही कॅलेंडरचे, म्हणजे शनिवार-रविवार धरून. आणि हरकतीची प्रत नियम काढणाऱ्या खात्यालाही पाठवावी लागते. दुसरी प्रत पाठवायची राहते, ही तिथली नेहमीची चूक.

तरीही केंद्राच्या नियमासाठी माझा कल लेखीकडे आहे, आणि कारण ऐकायला क्षुल्लक वाटेल असं आहे: परिच्छेदांची अक्षरं.

आरोग्यसेवेचा तो तातडीचा नियम, क्रमांक १९१०.५०२, इंग्रजी अक्षरांच्या परिच्छेदांत मांडलेला होता. डी म्हणजे रुग्णांची तपासणी, ई म्हणजे संसर्ग रोखायची नेहमीची दक्षता, जी म्हणजे हवेत तुषार उडवणाऱ्या प्रक्रिया, पी म्हणजे कर्मचाऱ्यावर खर्चाचा भार नको. चारही अक्षरं बोलताना जवळपास सारखीच ऐकू येतात. एम म्हणजे लसीकरण आणि एन म्हणजे प्रशिक्षण. ही जोडी तर साध्या फोनवरसुद्धा वेगळी ओळखू येत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे आय. कामाच्या जागेवरच्या अडपडद्यांचा परिच्छेद आय हे अक्षर आहे, आणि पोटकलमांना रोमन आकडे असल्याने ‘एक’सुद्धा त्याच रूपात छापलेला असतो. ऑनलाइन सुनावणीत एखादी नर्स घाईघाईने म्हणते, ‘एफ, चार, आय’, लिहून घेणारा ‘एफ’ऐवजी ‘एस’ ऐकतो, आणि शब्दशः नोंदीत तिची तक्रार संरक्षक साधनांच्या परिच्छेदाखालून निसटून अंमलाच्या तारखांपाशी जाऊन बसते. पुढे एफ परिच्छेदावरची मतं गोळा करणाऱ्याच्या हाती ती लागायची कशी?

ही घसरण टाळायला बोललेलं पुन्हा लेखी द्यावं लागतं. शिवाय ओशाच्या सुनावण्यांत दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ हवा असेल किंवा कागदपत्रं पुराव्यात द्यायची असतील, तर साक्षीचा पूर्ण मजकूर सहसा आधीच मागतात. लिहायचं कोणत्याही वाटेने टळत नसेल, तर आधी लेखीच नीट करावं, असं मला वाटतं.

आणखी एक बाब अनेकांच्या बाबतीत निर्णायक ठरेल. सुनावणीत नाव सांगावं लागतं. रेग्युलेशन्स डॉट गव्ह या संकेतस्थळावर हरकत देताना व्यक्ती, संस्था किंवा अनामिक असे तीन पर्याय येतात. सुरक्षेबद्दल तक्रार केली म्हणून मालकाने त्रास दिला तर त्याच कायद्याच्या कलम ११(सी) खाली दाद मागता येते, पण ती तीस दिवसांच्या आत. हे सगळं ठाऊक असूनही ज्याला पुढच्या महिन्याच्या शिफ्ट त्याच व्यवस्थापकाकडून घ्यायच्या आहेत, तो अनामिक पर्याय निवडेल, आणि त्यात वावगं काही नाही. मात्र जोडलेल्या पीडीएफच्या गुणधर्मात लेखकाचं नाव आपोआप बसलेलं असतं. रुग्णालयाच्या संगणकावर फाइल बनवली तर संस्थेचंही नाव येऊ शकतं. घरच्या संगणकावर बनवा आणि जोडण्याआधी ते रकाने रिकामे करा. रुग्णाची कोणतीही ओळख पटेल असा मजकूर कुठल्याच मार्गाने देऊ नका, कारण दिलेलं सगळं जाहीर होतं.

आता लेखीतल्या अडचणी. त्या संकेतस्थळावरच्या हरकतीच्या चौकटीत ५,००० अक्षरं मावतात, म्हणजे इंग्रजीत साधारण साडेसातशे शब्द. चौकटीत ठळक अक्षरं, तक्ते काही टिकत नाहीत, सगळं सरसकट एका गठ्ठ्यात येतं. म्हणून चौकटीत तीन-चार ओळींचा गोषवारा आणि परिच्छेदांचे क्रमांक द्यावेत, आणि खरं म्हणणं फाइलमध्ये जोडावं. वीस फाइलींपर्यंत, प्रत्येकी १० एमबीपर्यंत चालतात. फाइल स्कॅन केलेलं चित्र नसावी. शब्द शोधता येत नसलेली पीडीएफ शोधणाऱ्याच्या दृष्टीने कोरा कागद असते. पाठवलं की माग क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. हरकत संकेतस्थळावर दिसायला दिवस लागतात, आणि तोवर ती पोचल्याचा तोच एक पुरावा.

डॉकेट क्रमांकही, म्हणजे त्या नियमाच्या सरकारी फाइलचा क्रमांक, दोनदा तपासा. आरोग्यसेवेच्या नियमाचा क्रमांक होता ओशा-२०२०-०००४. ५ नोव्हेंबर २०२१ रोजी निघालेल्या, शंभर आणि त्याहून जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांसाठीच्या लस-किंवा-चाचणी नियमाचा होता ओशा-२०२१-०००७. दोन्हींच्या नावात कोविड, दोन्ही तातडीचे, दोन्ही ओशाचे. त्या दुसऱ्या नियमाला सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी स्थगिती दिली आणि महिना संपायच्या आत तो मागे घेतला गेला. मास्कच्या फिटिंगबद्दलचं म्हणणं चुकून तिथे टाकलं, तर ते तिथेच पडून राहणार.

लेखीचं बळ कशात आहे ते एका उदाहरणावरून पाहू. त्याच तातडीच्या नियमाच्या १९१०.५०४ या भागात श्वसन संरक्षणाचा छोटा कार्यक्रम होता. त्यात एन९५ सारख्या मास्कचा पुनर्वापर करू नये असंच सुचवलेलं होतं, पण करायचाच झाला तर अटी होत्या. मास्क एकाच व्यक्तीने वापरलेला असावा, हवा खेळती राहील अशा कागदी पिशवीत किमान पाच कॅलेंडर दिवस ठेवलेला असावा, पाण्यापासून आणि दमटपणापासून दूर असावा. आता ‘मास्क पुरेसे देत नाहीत, कृपया लक्ष घाला’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला सहानुभूती वाटेल, पण पुढे करायला काही मिळणार नाही. त्याऐवजी हिशेब मांडा. सोमवारी वापरलेला मास्क मंगळवार ते शनिवार पिशवीत राहिला तर लवकरात लवकर रविवारी हाती येतो. सोमवार ते शुक्रवार काम करणाऱ्याला म्हणून किमान पाच मास्क आणि पाच पिशव्या लागतात, प्रत्येक पिशवीवर नाव आणि तारीख. आठवड्याला तीनच मास्क मिळत असतील तर गुरुवारी सोमवारचा मास्क दोनच पूर्ण दिवसांनी पुन्हा तोंडावर येतो. पिशव्या कुठे टांगल्या जातात तेही लिहा. हात धुवायच्या बेसिनशेजारच्या खुंट्यांवर असतील तर कागद तळाशी मऊ पडतो, पिशवी मास्कला चिकटते आणि नाकाची पट्टी वाकते. मग लावल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून हळूच श्वास सोडला की नाकाच्या कडेने हवा डोळ्यांकडे येते; म्हणजे सील धरलेलं नाही. शेवटी पर्यायी वाक्य द्या: ‘पुनर्वापर करणाऱ्या मालकाने प्रत्येक कर्मचाऱ्याला सलग कामाच्या दिवसांइतके मास्क द्यावेत आणि पिशव्या पाण्याच्या नळापासून दूर ठेवाव्यात.’ असं तयार वाक्य मसुदा करणाऱ्याला उचलता येतं किंवा नाकारता येतं, पण नाकारायचं तर कारण द्यावं लागतं.

हे कारण देणं महत्त्वाचं आहे. ओशाचा कायम नियम न्यायालयात टिकायचा तर संपूर्ण नोंदीतला ठोस पुरावा त्याच्या पाठीशी लागतो, आणि नोंद म्हणजे हाच ढीग: हरकती, साक्षी, जोडपत्रं. नियम सैल करा म्हणणाऱ्यांनाही हेच लागू आहे. पडदे बसवणं शक्य नाही असं म्हणायचं असेल तर कुठल्या टेबलावर, किती जागेत, वायुवीजनाच्या कोणत्या झरोक्यासमोर, ते सांगावं. पडद्याखाली वस्तू देण्या-घेण्याची फट ठेवायला नियमात परवानगी होती. कमी ऐकू येणारा रुग्ण त्याच फटीपाशी वाकून बोलतो आणि नोंदणी करणारी बाई खुर्चीवरून पुढे झुकते, हे लिहिलेलं कोणाच्याही डोळ्यांसमोर उभं राहतं.

कोविडचा हा कायम नियम शेवटी आलाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये ओशाने ती प्रक्रिया थांबवली आणि एकूण संसर्गजन्य रोगांच्या व्यापक नियमाचा मार्ग बरा असल्याचं कारण दिलं. तरी नेमकी, क्रमांकासह लिहिलेली हरकत डॉकेटात शाबूत असते आणि पुढच्या नियमाच्या वेळी शोधून जशीच्या तशी जोडता येते. साक्षीचं तसं होत नाही असं नाही, पण शेकडो पानी शब्दशः नोंदीतून ती उकरून काढावी लागते.

संघटनेचे प्रतिनिधी असाल, नाव सांगायला अडचण नसेल आणि सोबत प्रत्यक्ष वॉर्डात काम करणारी एखादी व्यक्ती आणता येत असेल, तर सुनावणी जरूर घ्या, पण लेखीच्या जोडीने. मुदत शेवटच्या रात्री ११:५९ ला संपते ती पूर्व किनाऱ्याच्या वेळेने; पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा घड्याळात ८:५९ झालेले असतात. सुनावणीत बोलताना अक्षर एकटं उच्चारू नका. ‘एन, प्रशिक्षणाचा परिच्छेद’, ‘आय, पडद्यांचा परिच्छेद’ असं प्रत्येक वेळी दोन्ही म्हणा, आणि रोमन आकडा आला की ‘रोमन एक’ असं स्पष्ट सांगा. लिहून घेणाऱ्याला ‘एम’ ऐकू आलं तरी शेजारी ‘प्रशिक्षण’ हा शब्द राहील.