आरपीएम मोजायचंय: टेकवायचा टॅकोमीटर घ्यावा, लेझरचा, की आणखी काही?

टॅकोमीटर, म्हणजे आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मोजणारा मीटर, घ्यायला निघालेला माणूस आधी रेंज बघतो. ९९,९९९ आरपीएमपर्यंत जातो म्हटलं की तो चांगला वाटतो. पण पंपाची मोटर, लेथचा चक, कन्व्हेयरचा रोलर किंवा सायकलचं चाक मोजणाऱ्याला त्यातला बराचसा पल्ला कधी लागतच नाही. त्यापेक्षा दोन प्रश्न स्वतःला विचारा. मोजायची वस्तू दोन मिनिटं बंद करता येते का? आणि ती चालू असताना शाफ्टच्या टोकाशी सुरक्षितपणे हात पोचतो का? कुठला मीटर घ्यायचा हे बहुतेक वेळा इथेच ठरतं.

टेकवायचा की लेझरचा

खरी चुरस या दोघांत आहे, म्हणून आधी हेच.

टेकवायच्या मीटरच्या टोकाला रबराचा छोटा शंकू असतो. शाफ्टच्या मधोमध जो सेंटर होल असतो त्यात तो हलक्या हाताने दाबून धरायचा, की आकडा येतो. टेप चिकटवायची नाही, त्यासाठी मशीन थांबवायचं नाही, खोलीत उजेड किती हेही बघायचं नाही. अगदी सावकाश फिरणाऱ्या गोष्टींवर तर हाच सरस. मीटरच्या आत सहसा खाचा पाडलेली चकती असते, त्यामुळे शाफ्टच्या एका फेऱ्यात अनेक पल्स (विजेचे ठोके) मिळतात आणि मिनिटाला दहा फेरे घेणारा रोलरही लगेच मोजून होतो. शिवाय शंकू काढून जागी छोटं चाक बसवता येतं. ते चालत्या बेल्टवर टेकवलं की बेल्टचा वेग थेट मीटर प्रति मिनिटात कळतो. ज्यांचं काम बेल्टचं, कागदाच्या रोलचं किंवा वायर ओढण्याचं आहे त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, त्यांना हाच मीटर हवा.

मग याचा तोटा काय? एक म्हणजे तो मोजताना मोटरवर भार टाकतो. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरला त्याचं काही वाटत नाही, पण खेळण्यातल्या मोटरवर शंकू टेकवला की ती मंदावते, आणि आपण मोजतो तो मंदावलेला वेग. दुसरं म्हणजे घसरण. रबर झिजलेलं असेल, शाफ्टला तेल लागलेलं असेल किंवा हात तिरका असेल, तर शंकू थोडा मागे राहतो.

थोडं मागे राहिल्याने काय बिघडतं, असं वाटेल. इंडक्शन मोटरची स्लिप, म्हणजे आतल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या वेगापेक्षा (सिंक्रोनस वेग) ती किती मागे राहते ते, काढून बघा. ५० हर्ट्झवर चार पोलच्या (पोल म्हणजे वेटोळ्यांनी तयार होणारे चुंबकीय ध्रुव) मोटरचा सिंक्रोनस वेग १,५०० आणि पूर्ण लोडवर ती १,४४० ला फिरते असं धरू. स्लिप झाली ६० आरपीएम, म्हणजे ४ टक्के. आता शंकू एक टक्का घसरला तर मीटर साधारण १,४२६ दाखवेल आणि स्लिप निघेल ७४. वेगात चूक एका टक्क्याची, पण स्लिपमध्ये जवळजवळ चोवीस टक्क्यांची. मोटरवर लोड किती आहे हे स्लिपवरून ताडायचं असेल तर टेकवायच्या मीटरवर मी विसंबणार नाही.

लेझरचा मीटर इथे फार पुढे आहे. शाफ्टवर चमकत्या टेपचा बोटभर तुकडा लावायचा, मोटर चालू करायची, लाल ठिपका टेप जाते त्या जागेवर धरायचा. दर फेऱ्याला टेपवरून एकदा प्रकाश परत येतो आणि मीटर दोन परताव्यांमधला वेळ मोजतो. नेहमीच्या हातातल्या मीटरची अचूकता ०.०५ टक्के अधिक एक अंक अशी लिहिलेली असते, म्हणजे १,४४० वर जेमतेम दोन आरपीएम इकडेतिकडे. अंतर साधारण ५ ते ५० सेंटिमीटर चालतं, त्यामुळे गार्डच्या जाळीतूनही नेम धरता येतो. फिरत्या शाफ्टपासून हात लांब राहतो, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

पण हा फसवतोही, आणि तेही अगदी विश्वास बसेल अशा आकड्याने. एक रिवाइंड करून आलेली मोटर मी मोजत होतो. नेमप्लेट गायब. टेप लावली, ठिपका धरला, आकडा आला २,८८०, अगदी स्थिर. दोन पोलची मोटर पूर्ण लोडवर जवळपास तेवढ्यालाच फिरते, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. मी दोन पोल असं लिहूनही टाकलं. पण जोडलेला पंप पाणी फारच मंद टाकत होता. मोटर बंद करून टेप काढली, पुन्हा चालू केली आणि नुसत्या शाफ्टवर ठिपका मारला, तर मीटरने १,४४० दाखवले! शाफ्टवरची जोडणी पक्की बसवणाऱ्या चावीसाठी जी खाच असते, तिची घासलेली कड चमकत होती. टेप लावल्यावर एका फेऱ्यात दोन परतावे मिळत होते, एक टेपचा, एक कडेचा. मोटर चार पोलची होती. शाफ्टवर काळी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर चमकती टेप लावली आणि १,४४० नीट आले.

तेव्हापासून टेप लावायच्या आधी उघड्या शाफ्टवर एकदा ठिपका मारून बघतो. काहीच आकडा यायला नको. आला, तर आधी शाफ्ट काळा करायचा. टेपचा भाग न चमकणाऱ्या भागापेक्षा लहानच ठेवायचा, बारीक शाफ्टवर हे हमखास विसरलं जातं. आणि टेपशिवाय पंख्याची पातीच मोजत असाल तर आलेल्या आकड्याला पात्यांच्या संख्येने भागायचं.

सावकाश चाकावर मात्र लेझर रेंगाळतो. ३० आरपीएमला टेप दोन सेकंदांनी एकदा समोर येते, त्याआधी मीटर बोलणार तरी काय? तिथे सारख्या अंतरावर चार टेपा लावा आणि आकड्याला चारने भागा.

स्ट्रोब: मशीन बंदही होत नाही आणि हातही पोचत नाही तेव्हा

टेप लावायला थांबता येत नाही, शाफ्टचं टोक झाकलेलं आहे, पण फिरणारा भाग डोळ्यांना दिसतो. अशा वेळी स्ट्रोबोस्कोप, म्हणजे ठरवलेल्या वेगाने लखलखणारा दिवा. लखलखाटाचा वेग फिरण्याच्या वेगाशी जुळला की पुली जागच्या जागी थांबलेली दिसते. वेग तर कळतोच, बेल्टची चीर किंवा सैल बोल्टही चालू मशीनमध्ये दिसून येतो. बाकी कुठला मीटर हे दाखवत नाही.

पण नवख्या हाताला याच्यावर चुका फार होतात. १,४४० ला फिरणारी पुली मिनिटाला ७२० लखलखाटांवरही थांबलेली दिसते, ४८० वरही, ३६० वरही. म्हणून वरून खाली यायचं आणि ज्या सर्वात मोठ्या आकड्यावर खूण एकदाच दिसते तो घ्यायचा. शंका असेल तर लागोपाठचे दोन थांबे घ्या, त्यांचा गुणाकार करून फरकाने भागा. ७२० गुणिले ४८०, भागिले २४०, उत्तर १,४४०. पुलीवर किंवा एका पात्यावर वेगळी खूण हवीच, ती मशीन थांबलेलं असतानाच कधीतरी करून ठेवावी. नाहीतर तीन सारखी पाती तिप्पट वेगावरही जशीच्या तशी उभी दिसतात.

आणि थांबलेली दिसणारी पुली खरोखर फिरत असते. स्ट्रोब चालू असताना कुणालाही मशीनजवळ हात नेऊ देऊ नका. लखलखाटाने ज्यांना फेफरं येतं त्यांना त्या खोलीतून आधी बाहेर न्या.

सतत आकडा हवा असेल तर

रोज उठून मीटर धरायचा नसेल तर हॉल सेन्सर (चुंबक समोर आलं की सिग्नल देणारा) आणि चुंबक. चाकाला नीट घट्ट बसवलेलं छोटं चुंबक, समोर सेन्सर, मागे मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम करता येणारी छोटी चिप). धूळ, तेल, उजेड, कशाचाच त्रास नाही. लोखंडी गिअर किंवा बोल्टची डोकी आधीच फिरत असतील तर इंडक्टिव्ह प्रॉक्झिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की ओळखणारा) लावा, चुंबकही लागत नाही.

पहिल्यांदा करणारे इथे एक चूक नेहमी करतात: एका सेकंदात किती पल्स आले ते मोजून ६० ने गुणायचं. फेऱ्याला एकच पल्स असेल तर आकडा ६० च्या उड्या मारत बदलतो, १,३८०, १,४४०, पुन्हा १,३८०. त्याऐवजी दोन पल्समधला वेळ मायक्रोसेकंदात मोजा आणि ६ कोटीला त्याने भागा. १,४४० ला तो वेळ सुमारे ४१,६६७ मायक्रोसेकंद येतो आणि आकडा गुळगुळीत चालतो. सायकलचं चाक याने छान मोजलं जातं. २.१ मीटर घेराचं चाक ताशी २५ किलोमीटरला मिनिटाला जेमतेम १९८ फेरे घेतं.

एकदाच मोजायचं असेल आणि चाक सावकाश असेल तर फोनही पुरतो. चाकावर खूण करा, सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ घ्या, दहा फेऱ्यांच्या फ्रेम मोजा. ४८० भरल्या तर ३०० आरपीएम. हजाराच्या वर मात्र याच्या नादी लागू नका, फेऱ्याला मोजक्याच फ्रेम मिळतात आणि खूण पुसट होते.

मी काय घेईन

एकच घ्यायचा असेल तर लेझरचा. मोटर दुरुस्ती, पंप, लेथ, ड्रिल, लाकूडकामाची करवत, सगळं त्यात बसतं. ग्राइंडरचा वेग बदलता येत असेल किंवा मोटर बदलली असेल तर तो घ्याच. १२५ मिलिमीटरची चकती ८० मीटर प्रति सेकंदाची असेल तर ती सुमारे १२,२०० आरपीएमपर्यंतच चालवायची असते, आणि हे कानाने ओळखता येत नाही. बेल्ट आणि रोलर रोजचे असतील तर दोन्ही कामं करणारा जोडमीटर घ्या, शंकू आणि चाक त्यातच येतं. स्ट्रोब मी फक्त त्याला सुचवेन ज्याचं मशीन थांबवलं की अख्खी लाइन थांबते.

मीटर हातात आला की त्याची पहिली चाचणी चोक असलेल्या जुन्या ट्यूबलाइटवर करा. ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून लेझरचा मीटर तिच्याकडे धरला की ६,००० च्या आसपास आकडा यायला हवा, ६० हर्ट्झवर ७,२००. आणि मोटर मोजताना नेमका हाच आकडा दिसला तर तो मोटरचा नसून डोक्यावरच्या दिव्याचा असण्याची शक्यता मोठी. दिवा बंद करून पुन्हा मोजा.